वाचकांचे प्रश्न : वीजबिल नाही, मग डॉक्टरही नाही?

(ब्रिटनमधल्या दवाखान्यांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या साताऱ्याच्या; पश्चिम लंडनमधल्या एका जीपी सर्जरीच्या रिसेप्शनवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, आणि सर्जरी म्हणजे त्याचा दवाखाना.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नुकतेच नाशिकहून लंडनमधल्या हाउन्स्लोला आलो. नवऱ्याचा आयटीतल्या नोकरीचा तीन वर्षांचा व्हिसा, मी आणि आमची चार वर्षांची मुलगी त्याच्या व्हिसावर. एका घरातली एक खोली भाड्याने घेतली आहे, दुसऱ्या खोलीत आणखी एक जोडपं राहतं. लाइट, गॅस, कौन्सिल टॅक्स सगळं भाड्यातच, त्यामुळे बिलं घरमालकाच्या नावावर. बँक खातं फक्त नवऱ्याचं. मला थायरॉइडची गोळी रोज लागते (थायरोनॉर्म ८८) आणि आणलेला साठा महिन्याभरात संपेल. जवळच्या सर्जरीत नाव नोंदवायला गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या नावाचा पत्त्याचा पुरावा आणा, त्याशिवाय होणार नाही. आता मी बिल कुठून आणू? नवरा म्हणतो, आजारी पडलीस की बघू.
– एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर : या बाबतीत नवऱ्याचं ऐकू नकोस. आजारी पडल्यावर नाव नोंदवायला धावणारी माणसं मी काउंटरच्या आतल्या बाजूने खूप पाहिली आहेत. कडेवर तापाने फणफणलेलं पोर, समोर फॉर्म, आणि मागे रांग. नाव नोंदवायचं ते धडधाकट असताना. तुझ्याकडे महिनाभराच्या गोळ्या आहेत म्हणून घाबरण्यासारखं काही नाही, पण या आठवड्यातच उरकून टाक.

आता पुराव्याचं. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. ओळखपत्र लागत नाही, व्हिसा दाखवावा लागत नाही, एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, नंबर आधीपासून असावा लागत नाही. हे एनएचएसने लेखी सांगितलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. सर्जरी कागद मागू शकते. पण ते नाहीत एवढ्याच कारणावरून तुला परत पाठवू शकत नाही. तू त्यांच्या हद्दीबाहेर राहत असशील, किंवा नवे पेशंट घेणं त्यांनी अधिकृतपणे थांबवलं असेल, तर गोष्ट वेगळी. आणि नाही म्हणायचंच असेल तर त्याचं कारण १४ दिवसांच्या आत लेखी द्यावं लागतं.

मग त्या बाई तसं का म्हणाल्या? त्यांची बाजूही सांगते, कारण त्या खुर्चीत मी बसले आहे. प्रत्येक सर्जरीची हद्द ठरलेली असते, आणि माणूस खरंच त्या हद्दीत राहतो का हे त्यांना बघायचं असतं. शिवाय हॉस्पिटलची पत्रं अजूनही पोस्टाने येतात. पत्त्यात खोलीचा किंवा फ्लॅटचा नंबर राहिला की पत्र खालच्या मजल्यावर दुसऱ्याच्या चपलांच्या रॅकवर पडून राहतं आणि तपासणीची तारीख उलटून जाते. त्यामुळे विचारण्यात चूक नाही. पण ‘असेल तर आणा’ आणि ‘आणल्याशिवाय नाही’ यांत फरक आहे, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता फोन खणखणत असताना तो फरक नव्या माणसाला समजावून सांगायला कुणाला सवड नसते. बऱ्याच ठिकाणी तर खुद्द काउंटरवरच्या माणसालाच तो कुणी सांगितलेला नसतो.

तेव्हा पुन्हा काउंटरवर जाऊन वाद घालण्याआधी घरबसल्या ऑनलाइन फॉर्म भर. एनएचएसच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की आसपासच्या सर्जऱ्या दिसतात, तुमचा पत्ता कुणाच्या हद्दीत येतो तेही दिसतं, आणि तिथूनच नोंदणीचा फॉर्म भरता येतो. त्यात बिल जोडायला सांगत नाहीत. ऑनलाइन जमलं नाही तर जीएमएस-१ नावाचा कागदी फॉर्म काउंटरवर मागून घे. तरीही अडवलं, तर आवाज न चढवता एवढंच विचार, ‘नाव घेत नसाल तर कारण लेखी द्याल का?’ आणि प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचं आहे म्हण. निम्म्या वेळा काम तिथेच होतं. एवढं करूनही झालं नाही तर त्यांच्याशी झुंजत बसण्यापेक्षा हद्दीत येणारी दुसरी सर्जरी निवड. लंडनमध्ये एका पोस्टकोडला सहसा एकाहून जास्त सर्जऱ्या लागू असतात.

पासपोर्ट मात्र हाताशी ठेव. पुरावा म्हणून नव्हे, नावासाठी. आपल्याकडच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकापुढे एक असतं. फॉर्मवर कुणी फक्त स्वतःचं नाव लिहितं, कुणी दोन्ही, कुणी लग्नाआधीचं आडनाव टाकतं. मग एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, रक्ताचा रिपोर्ट एकीकडे आणि लसींची नोंद दुसरीकडे. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिही. लग्नाआधीच्या आडनावासाठी वेगळा रकाना आहे, तिथे ते घाल. आधार कार्डाची झेरॉक्स मात्र नेऊ नकोस. इतक्या प्रेमाने लोक ती पुढे करतात, आणि घेणाऱ्याला तिचं काय करावं कळत नाही.

कागदी फॉर्मवर बाहेरून आलेल्यांसाठी एक जादाचा भाग आहे. त्यात तीन पर्याय दिसतील : जीपीबाहेरच्या उपचारांचे पैसे द्यावे लागू शकतात हे मला माहीत आहे, मला त्यातून सूट आहे, माझी स्थिती मला माहीत नाही. लोक घाबरून पहिल्यावर खूण करतात. तुम्ही व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरला आहे, त्यामुळे तुमचा पर्याय दुसरा. हा अधिभार वर्षाला मोठ्या माणसामागे १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आहे. तिघांचा तीन वर्षांचा हिशेब ८,५३८ पौंडांवर जातो. कंपनीने भरला असेल तरी तो तुमच्याच नावाने भरलेला आहे. ‘आजारी पडलीस की बघू’ म्हणणाऱ्या माणसासमोर हा आकडा ठेव.

बाकी प्रश्न साधे असतात. जन्मगाव, या देशात आल्याची तारीख, घरच्यांचे आजार, उंची-वजन, सिगारेट. दारूचं विचारतात ते ‘युनिट’मध्ये; घेत नसशील तर शून्य लिही आणि पुढे जा, त्यात आपल्याला हिणवण्याचा हेतू नसतो, सगळ्यांनाच विचारतात. औषधांच्या ॲलर्जीचा रकाना तेवढा नीट भर. लहानपणी पेनिसिलिनने अंगावर पुरळ उठलं होतं असं आई सांगत असेल तर तिला फोन करून विचार आणि लिही.

आता तुझी गोळी. हे वाचून तुझा जीव भांड्यात पडेल. इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक औषधाला फार्मसीत ९.९० पौंड द्यावे लागतात. पण थायरॉइड कमी असल्याने हार्मोनची गोळी घ्यावी लागणाऱ्यांना ही रक्कम पूर्ण माफ आहे, आणि फक्त थायरॉइडच्या गोळीला नव्हे, एनएचएसच्या सगळ्याच प्रिस्क्रिप्शनना. त्यासाठी एफपी-९२ए नावाचा फॉर्म सर्जरीतून घ्यायचा, तू भरायचा, सर्जरीने सही करून पाठवायचा, की पाच वर्षांचं सूट प्रमाणपत्र येतं. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. थायरॉइडच्या किती बायका वर्षानुवर्षं पैसे भरत राहिलेल्या मी पाहिल्या. फक्त प्रमाणपत्र हातात येण्याआधी फार्मसीत ‘मला सूट आहे’ यावर खूण करू नकोस, तपासणीत सापडलं की दंड येतो.

गोळीचं ब्रँडचं नाव इथे कुणाला कळणार नाही. लेव्होथायरॉक्सिन, ८८ मायक्रोग्रॅम असं लिहून ने. डब्याचा फोटो आणि नाशिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटचा टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्टही ने. इथे साधारणपणे २५, ५० आणि १०० च्या गोळ्या देतात, त्यामुळे ८८ ची एकच गोळी मिळणार नाही. डॉक्टर रक्त तपासून जवळचा डोस बसवतील, कदाचित एकाच्या जागी दोन गोळ्या होतील. बदल झाला म्हणून बिचकू नकोस आणि दोन्हीकडच्या गोळ्या एकदम घेऊ नकोस. गोळ्या बहुतेक सर्जऱ्या २८ दिवसांच्या किंवा दोन महिन्यांच्या देतात. संपायच्या आठवडाभर आधी एनएचएस ॲपवरून पुढच्या मागवायच्या. शेवटची गोळी तोंडात टाकून मागवायला गेलीस तर मधले काही दिवस कोरडे जातील. आणि नोंदणी व्हायच्या आत गोळ्या संपल्याच, तर तातडीची गरज असलेल्या माणसाला नाव नोंदवलेलं नसतानाही १४ दिवसांपर्यंत उपचार देण्याची जबाबदारी सर्जरीवर असते. ‘तातडीची गरज’ हेच शब्द वापर. १११ या एनएचएसच्या मदतीच्या नंबरवर फोन केलास तरी वाट दाखवतील.

मुलीचं नाव त्याच दिवशी, पण वेगळ्या फॉर्मवर. तिच्या लसींचं कार्ड, भले ते पिवळं पडलेलं आणि वरणाचे डाग लागलेलं असेना, सर्जरीतल्या नर्सला दाखव. सरकारी केंद्रात लसी घेतल्या असतील तर गोवर-रुबेलाची लस मिळालेली असते, तिच्यात गालगुंड नसतो. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घेतल्या असतील तर बहुधा तिन्हींची एकत्र लस असते. इथे तिन्हींची हवी असते, आणि जानेवारी २०२६ पासून मुलांच्या त्या लसीत कांजिण्यांचीही भर पडली आहे. नर्स तारखा बघून काय राहिलंय ते ठरवते. सप्टेंबरात शाळेत जाणार असेल तर हे आधीच झालेलं बरं. सोळा वर्षांखालच्या मुलांना औषधांचे पैसे पडत नाहीत.

नाव नोंदवलं की दहा आकडी एनएचएस नंबर मिळेल. तू पंचविशी ओलांडली असशील तर काही काळाने गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बोलावणं येईल. ते पत्र आपल्या बायका ‘मला काही त्रास नाही’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतात. तपासणी नर्स करते, ती बहुतेक वेळा बाईच असते, हवी तर आधी तशी विनंती करता येते. जा.

आणि एक सवय मोडावी लागेल. नाशिकला आपण दवाखान्यात जाऊन बसतो, कंपाउंडर नंबर लावतो, तासाभरात डॉक्टर बघतात. इथे तसं चालत नाही. आधी फोन किंवा ऑनलाइन, मग रिसेप्शनिस्ट विचारते की काय होतंय. लोकांना राग येतो, ‘तिला कशाला सांगू?’ म्हणतात. ती निदान करायला विचारत नाही. डॉक्टर, नर्स की फार्मासिस्ट, आज की पुढच्या आठवड्यात, हे तिला ठरवायचं असतं. संकोच वाटला तर ‘खासगी बाब आहे’ म्हण, चालतं. सकाळी आठला फोनवर लाइन मिळत नाही म्हणून जो तो रडतो. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांना ऑनलाइन विनंतीची खिडकी कामाच्या दिवशी आठ ते साडेसहा उघडी ठेवावी लागते, तिचा उपयोग कर. घसा, सायनस, बायकांच्या लघवीची जळजळ अशा काही तक्रारींवर फार्मासिस्टच तपासून गरज पडल्यास अँटिबायोटिकही देऊ शकतो, डॉक्टरची वाट बघायला नको.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त शिक्षक, सौ. ६३ वर्षांच्या. लेकीकडे लेस्टरला पाच महिन्यांसाठी जात आहोत. मला शुगर आणि बीपी दोन्ही. जावई म्हणतात, तिथे डॉक्टर फुकट असतात, प्रवास विम्यावर पैसे घालवू नका. आमच्या मुक्कामात तिथल्या डॉक्टरांकडे नाव घालता येईल का? सौ.ना इंग्रजी बोलता येत नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर, जावयांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी घर विकायची पाळी येऊ शकते. विमा काढाच. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्यात जाहीर करून काढा, दोनशे रुपये वाचवायला लपवू नका.

खरं ते असं की जीपीकडे नाव कुणालाही घालता येतं, पर्यटक व्हिसावर आलेल्यालाही, आणि जीपीला भेटण्याचे पैसे पडत नाहीत. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला तात्पुरती नोंदणी करतात. तुमचा मुक्काम पाच महिन्यांचा आहे, तेव्हा लेकीच्या सर्जरीला तसं स्पष्ट सांगा, कोणती नोंदणी करायची ते तिथले लोक ठरवतील. पण हॉस्पिटलची गोष्ट वेगळी. तुम्ही आरोग्य अधिभार भरलेला नसतो. अपघात विभागात तपासतील ते मोफत. तिथून वॉर्डात दाखल केलं की बिल सुरू होतं, तेही एनएचएसच्या स्वतःच्या दराच्या दीडपट. छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी झाली तर काय होईल ते तुम्हीच बघा. ५०० पौंडांच्या वरचं बिल दोन महिने थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नातवाच्या बारशाला यायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

औषधं पाच महिने पुरतील एवढी सांगलीहूनच आणा, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. आपल्याकडे मधुमेहाची दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. तशी बरीच जोड-औषधं इथे मिळत नाहीत, तेव्हा चिठ्ठीवर प्रत्येक घटक आणि त्याचं प्रमाण सुटं सुटं लिहून घ्या.

रिपोर्ट दाखवताना आकड्यांचा घोळ होतो तोही सांगते. आपली शुगर मिलिग्रॅममध्ये, यांची मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला १८ ने भागायचं, म्हणजे १८० ची झाली १०. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट, एचबीए१सी, आपल्याकडे ७ टक्के असेल तर इथे तोच ५३ म्हणून लिहितात. एक गृहस्थ इथल्या रिपोर्टवर ५३ बघून लेकीसमोर मटकन खालीच बसले होते.

बाईंच्या भाषेचं : नोंदणीच्या वेळीच ‘मराठी दुभाषा लागेल’ असं सांगा. सर्जरीने तो मोफत द्यायचा असतो, बहुतेक वेळा फोनवरून. लेक असताना दुभाषा कशाला, असं सगळे म्हणतात. पण बाईमाणसाला काही गोष्टी लेकीसमोर, आणि जावयासमोर तर मुळीच, बोलवत नाहीत. मी काउंटरवर होते तेव्हा एका आजींना पोटात दुखत होतं एवढंच मुलगा सांगत राहिला. खरं काय ते त्यांनी दुभाष्या बाईला फोनवर सांगितलं, मुलाला बाहेर बसवून.

प्रश्न : मी सप्टेंबरपासून ग्लासगोत एमएससी करणार आहे. वय २३. तुम्ही लिहिता ते सगळं स्कॉटलंडला लागू होतं का? हॉस्टेलवर पोचल्यावर पहिलं काय करू?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : सगळं नाही. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे, फॉर्म वेगळा, आणि औषधांचे पैसे तिथे २०११ पासून कुणालाच पडत नाहीत, त्यामुळे वरची ९.९० पौंडांची कटकट तुला नाही. इंग्लंडचा एनएचएस ॲप तुझ्या कामाचा नाही. तुझ्या व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड अधिभार भरला गेला आहे, म्हणून ‘इथे डॉक्टर महाग असेल’ या भीतीने क्रोसिनवर दिवस काढू नकोस. १११ हा नंबर तिथेही चालतो.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या जवळची सर्जरी कोणती ते विद्यार्थी कार्यालयात विचार. सप्टेंबरात शेकडो नवी मुलं येतात, म्हणून त्यांची तयारीही असते. दात आणि चष्मा जीपीकडे होत नाही. अक्कलदाढ ठणकत असेल तर लातूरलाच काढून ये, चष्म्याची एक जादाची जोडीही बनवून आण. मेंदूज्वराची, मेनएसीडब्ल्यूवाय नावाची लस पंचवीस वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना मोफत देतात, ती नोंदणीच्या वेळीच माग. आणि लहानपणीचं लसींचं कार्ड आईच्या कपाटातून शोधून त्याचा फोटो निघण्याआधीच फोनमध्ये घेऊन ठेव, कारण हॉस्टेलवर गोवराची एक जरी केस निघाली तरी पहिलं तेच विचारतात.